बारावीचे वर्ष आणि अमेरिकेचे अर्ज: साताऱ्यातल्या एका घराची नोंदवही

मी साताऱ्यात बँकेत नोकरी करते. मुलगी राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत बारावीला होती, तेव्हा अमेरिकेतील पदवी शिक्षणासाठी तिने सहा ठिकाणी अर्ज केले. तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश-समुपदेशक नावाचे पद नाही, आणि लाखात फी सांगणारा सल्लागार नेमायचा नाही हे आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते. त्या वर्षभरात वहीत जे टिपून ठेवले, ते थोडे साफ करून येथे देत आहे. जिथे आमचे चुकले, तिथली नोंद मुद्दाम लांब ठेवली आहे.

२२ जून २०२४

यादी ठरली. कसोटी एकच होती, ती म्हणजे पैसा. आमच्या दोघांच्या पगारात तिथली पूर्ण फी बसणे अशक्य आहे, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यालाही गरजेप्रमाणे आर्थिक साहाय्य देणाऱ्या संस्थाच पाहिल्या. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराची पैशाची गरज प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेत नाहीत. बाकीच्या अनेक ठिकाणी साहाय्य मागणे हीच अर्जाची एक अडचण ठरू शकते. मुंबईत एज्युकेशनयूएसए या अमेरिकी सरकारच्या उपक्रमाचे केंद्र आहे. तिथल्या मोफत सल्ल्याने सोळा नावांची यादी सहावर आली.

मुदतींचे प्रकार समजायला एक आख्खा रविवार गेला. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याची बांधिलकी, आणि ‘अर्ली ॲक्शन’ म्हणजे लवकर अर्ज, लवकर निकाल, पण बांधिलकी नाही. काही संस्था अर्ली ॲक्शन देतात, पण त्याच फेरीत दुसऱ्या खासगी विद्यापीठाकडे अर्ज करू देत नाहीत. या लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि आपला होकार कळवायचा तो १ मेपर्यंत. साहाय्याचा आकडा पाहिल्याशिवाय बांधिलकी घ्यायची नाही, असे मुलीच्या बाबांनी स्पष्ट सांगितले, म्हणून एक अर्ज अर्ली ॲक्शनचा आणि पाच नेहमीच्या फेरीचे असे ठरले.

११ जुलै

सॅट या अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेची नोंदणी केली, तीही उशिरा. २४ ऑगस्टच्या परीक्षेसाठी पुण्यातल्या केंद्रांवर जागा उरलेली नव्हती, त्यामुळे मुंबईचे केंद्र घ्यावे लागले आणि मुक्कामाला डोंबिवलीच्या मावशीला गाठावे लागले. नोंदणी मेमध्येच केली असती, तर परीक्षेच्या आदल्या दिवशीचा प्रवास वाचला असता. कार्डावर साडेनऊ हजारांच्या आसपास खर्च पडला.

१ ऑगस्ट

कॉमन ॲप हे सामाईक अर्जाचे संकेतस्थळ दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुले होते. पहिल्याच पानावर नावाचा घोळ झाला. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि मुलीचे नाव व वडिलांचे नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. सॅटची नोंदणी करताना वडिलांचे नाव गाळले होते. म्हणजे एकाच मुलीची तीन कागदांवर तीन नावे झाली. आम्ही सगळीकडे पारपत्रावरचे नाव धरायचे ठरवले आणि सॅटच्या खात्यातील नाव दुरुस्त करण्यासाठी पत्रव्यवहार सुरू केला, त्यात बारा दिवस गेले.

याच आठवड्यात एमआयटीचा अर्ज कॉमन ॲपवर नसतो, त्यांचे संकेतस्थळ स्वतंत्र आहे, हे लक्षात आले. कोणता अर्ज कुठे भरायचा, याचा तक्ता स्वयंपाकघरातल्या फळीवर चिकटवला.

२५ ऑगस्ट

परीक्षा झाली. आता ती संगणकावर असते आणि सव्वादोन तासांत संपते. एक चूक झाली: परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत निवडले तर चार संस्थांना गुण फुकट पाठवता येतात, ती सोय आम्ही ‘आधी गुण तर पाहू’ म्हणून सोडून दिली. नंतर पाठवायचे तर प्रत्येक ठिकाणचे वेगळे पैसे पडतात. पुढे असे कळले की अनेक संस्थांना अर्जात स्वतः लिहिलेले गुण सुरुवातीला चालतात आणि अधिकृत अहवाल प्रवेश घेतल्यावरच लागतो, त्यामुळे हे नुकसान फारसे झाले नाही.

१९ सप्टेंबर

गणपतीचे दहा दिवस काही काम झाले नाही, हे लिहून ठेवते. तक्रार नाही, पण पुढच्यांनी वेळापत्रकात ते दहा दिवस धरूच नयेत.

आजपासून गुणपत्रकांच्या मागे लागले. अमेरिकेतील संस्थांना नववी ते बारावी या चार वर्षांचा एकसंध गुणअहवाल हवा असतो. त्यांच्याकडे ही चार वर्षे एकाच शाळेत होतात, आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्या संस्थेत. महाविद्यालयाचे कार्यालय म्हणाले, ‘दहावीच्या आधीचे आमच्याकडे काही नाही, आम्ही त्यावर सही कशी करणार?’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. जुन्या शाळेत गेले, तर नववीचे वर्गशिक्षक निवृत्त झालेले आणि निकालपत्रकाची वही एका कपाटात, ज्याची किल्ली शिपाईमामांकडे. तीन फेऱ्यांनंतर वही सापडली. मुख्याध्यापकांनी शाळेच्या पत्रावर नववीचे विषयवार गुण लिहून सही-शिक्का दिला. ते पत्र आणि महाविद्यालयाचा अकरावीचा अहवाल एकत्र स्कॅन करून, ‘दहावीपर्यंतची शाळा वेगळी होती’ अशी एक ओळ वर लिहून उपप्राचार्या मॅडमनी ते चढवायचे, असा मार्ग निघाला.

‘स्कूल प्रोफाइल’ नावाचा आणखी एक कागद लागतो, ज्यात शाळा किती मोठी, गुणदान कसे चालते, हे लिहायचे असते. असा कागद महाविद्यालयात कोणी पाहिलेला नव्हता. मी एक पानाचा कच्चा मसुदा केला, मॅडमनी त्यातली विद्यार्थिसंख्या सुधारली आणि ‘पस्तीस टक्के म्हणजे उत्तीर्ण’ या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिले की नव्वदच्या वरचे गुण विज्ञान शाखेत किती थोड्यांना मिळतात. ही भर मला सुचली नसती.

५ ऑक्टोबर

शिफारसपत्रे. ही नोंद लांबणार आहे.

दोन विषय-शिक्षकांची पत्रे आणि एक समुपदेशकाचे पत्र लागते. समुपदेशकाच्या जागी उपप्राचार्या मॅडम उभ्या राहिल्या. शिक्षकांत भौतिकशास्त्राचे सर आणि इंग्रजीच्या मॅडम. कॉमन ॲपवर शिक्षकाचा ईमेल टाकला की त्यांना दुवा जातो. सरांचा दुवा आठ दिवस उघडलाच नाही. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला की सरांचा जीमेल त्यांच्या मुलाने काढून दिलेला, मुलगा पुण्यात, आणि सरांच्या फोनवर ते खाते नाहीच. मुलीने सरांसमोर बसून त्यांच्या फोनवर नवे खाते काढून दिले आणि दुवा पुन्हा पाठवला.

पत्र लिहून झाल्यावर सरांनी मोठ्या प्रेमाने मला फोनवर वाचून दाखवले: विद्यार्थिनी आज्ञाधारक, प्रामाणिक व कष्टाळू आहे, तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. चार ओळी. आपल्याकडे दाखल्यावर हेच लिहितात आणि त्यात काही वावगे नाही, पण तिथे पत्र वाचणाऱ्याला ही मुलगी इतर आज्ञाधारक मुलींपासून वेगळी कशी, एवढेच पाहायचे असते. आता पेच असा, की पत्र पाहण्याचा हक्क मुलीने अर्जात सोडलेला होता, त्यामुळे आम्ही ते लिहून देणे तर सोडाच, सुचवणेही बरे नव्हते. मी सरांना इतकेच विचारले, ‘सर, ही तुमच्या आठवणीत कशी आहे?’ सर दहा मिनिटे बोलत होते. प्रयोगशाळेत लंबकाचे उत्तर पुस्तकापेक्षा वेगळे आले, तेव्हा हिने इतरांसारखे उत्तर जुळवून घेतले नाही, दोरा बदलून सलग तीन दिवस प्रयोग केला आणि शेवटी दोऱ्याची लांबी लोलकाच्या मध्यापर्यंत मोजायची राहिली होती, हे शोधून काढले. मी म्हटले, हेच लिहा. सर म्हणाले, इंग्रजीत मला असे जमत नाही. त्यांनी मराठीत दोन पाने लिहिली आणि इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्याकडून भाषांतर करून घेतले. अंतिम पत्र आम्ही पाहिलेले नाही. लंबकाचा प्रसंग माझ्या कानावर फोनवरून आला, एवढी तडजोड झाली, हे मान्य करते.

यात एकूण चोवीस दिवस गेले. हे काम अकरावीच्या शेवटी, एप्रिलमध्ये, सरांना मोकळा वेळ असताना करायला हवे होते.

१८ ऑक्टोबर

अर्ली ॲक्शनचा अर्ज गेला, मुदतीच्या चौदा दिवस आधी. हा दिवस काल यायचा होता. काल रात्री साडेदहाला शुल्क भरताना कार्ड नाकारले गेले, तीनदा. कारण इतके साधे की लिहायची लाज वाटते: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात, ते आपण सुरू करून घ्यायचे असतात, आणि ही माहिती मी रोज काउंटरवर दहा ग्राहकांना देते. सॅट आणि इंग्रजी भाषेच्या परीक्षेचे पैसे मुलीच्या बाबांच्या कार्डावरून गेले होते, म्हणून माझ्या लक्षात आले नाही.

दुसरी गोष्ट अशी की पैसे भरले म्हणजे अर्ज गेला असे नाही. शुल्कानंतर पुन्हा मागे येऊन सही करायची आणि ‘सबमिट’ दाबायचे असते. तेव्हा पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडतात. ते उडाले नाहीत तर अर्ज गेलेला नाही, असे समजावे.

अर्जात सर्वांत जास्त वेळ निबंधाला जाईल असे वाटले होते, पण तो साडेसहाशे शब्दांचा निबंध तिने दोन आठवड्यांत लिहिला. दम काढला तो उपक्रमांच्या रकान्याने. दहा उपक्रम, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरे, तीही मोकळ्या जागा धरून. माण तालुक्यातल्या आजोळी ती दोन वर्षे, जाईल त्या रविवारी, पाच विहिरींची पाणीपातळी मोजत असे: सुताच्या दोरीला हातभर अंतरावर गाठी, टोकाला विटेचा तुकडा, आणि नोंदी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. हे दीडशे अक्षरांत बसवताना पहिल्या मसुद्यात ‘जलसंवर्धन’, ‘समाज’, ‘नेतृत्व’ असे सगळे आले आणि दोरीच राहिली. सातव्या मसुद्यात दोरी आली आणि नेतृत्व गेले.

२८ ऑक्टोबर, वसुबारस

अर्ली ॲक्शनचा अर्ज गेला त्या विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याचा मुलीला मुलाखतीसाठी ईमेल आला. या मुलाखतींची रीत अशी: अर्ज पोहोचल्यावर विद्यापीठ अर्जदाराचे नाव त्या भागातल्या माजी विद्यार्थी-स्वयंसेवकांना देते, ज्याला वेळ असेल तो स्वतः संपर्क करतो, आणि अर्धा-पाऊण तास बोलून विद्यापीठाला एक अहवाल लिहितो. बहुतेक ठिकाणी त्याला गुण, निबंध काहीच दाखवत नाहीत. स्वयंसेवक मिळाला नाही, तर मुलाखत न झाल्याने अर्जाचे नुकसान धरत नाहीत. मात्र रीत जागोजाग वेगळी आहे. एमआयटीत मुलाखत घेणाऱ्यांना ‘एज्युकेशनल काउन्सेलर’ म्हणतात, आणि जॉर्जटाउनमध्ये शक्य तेथे मुलाखत अर्जाचा आवश्यक भागच असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी अर्जात सहसा ना मुलाखत, ना शिफारसपत्र.

अर्ज लवकर गेल्याचा फायदा असा, की आमची मुलाखत इतरांच्या आधी ठरली. गृहस्थ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहतात. ३ नोव्हेंबर, रविवार, त्यांच्या रात्रीचे साडेआठ. आमचे सोमवारी पहाटे सहा. तसे कॅलेंडरवर लिहिले.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आज मुदतीचा दिवस आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. आमचा भाग गेलेला आहे, पण महाविद्यालयाचा गुणअहवाल अजून ‘प्रलंबित’ दिसतो. दिवाळीची सुट्टी लागली आहे, वर विधानसभेची निवडणूक वीस तारखेला असल्याने कार्यालयातल्या अर्ध्या लोकांच्या हातात निवडणुकीच्या कामाचे आदेश आहेत. दुपारी उपप्राचार्या मॅडमच्या घरी फराळाचा डबा घेऊन गेले. फराळ हे निमित्त आहे, हे त्यांनाही कळले. त्यांनी संगणक उघडला, अहवालाची फाइल ठरलेल्या आकारापेक्षा मोठी असल्याने चढत नव्हती, आणि हा निरोप त्यांनी सुट्टीनंतर सांगायचा म्हणून ठेवला होता. फाइल लहान केली, चढवली. साडेसहाला घरी येऊन पूजा मांडली.

मध्यंतरी एक गैरसमजही दूर झाला. मुदत अमेरिकेच्या वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, असे मी धरून चालले होते. कॉमन ॲपवर बहुतेक संस्थांची मुदत अर्जदाराच्या स्वतःच्या स्थानिक वेळेप्रमाणे रात्री ११:५९ ला संपते. ज्या साडेनऊ तासांच्या भरवशावर मी निवांत होते, ते तास मुळात नव्हतेच. नंतर कळले की शाळेकडून यायच्या कागदांना बहुतेक संस्था थोडे दिवस सांभाळून घेतात. त्या दुपारी हे माहीत असते, तर फराळ खरोखरच फराळ म्हणून गेला असता.

४ नोव्हेंबर

पहाटे सहाला मुलगी इस्त्रीचा कुर्ता घालून पडद्यासमोर बसली. ‘यजमान येईपर्यंत थांबा’ एवढीच अक्षरे. सहा दहा, सहा वीस. साडेसहाच्या सुमारास मी तिच्याकडून फोन घेतला आणि तिच्या नावाने स्वतःच ईमेल पाठवला: आम्ही अर्धा तास वाट पाहत आहोत, कदाचित आपण विसरला असाल. त्या ‘कदाचित’मध्ये माझा राग पुरेपूर उतरला होता.

बरोबर सातला गृहस्थ आले. आदल्या रात्री, म्हणजे ३ नोव्हेंबरच्या पहाटे दोनला, अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे गेली होती. त्यामुळे पूर्व किनारा आणि आपण यांतले अंतर साडेनऊचे साडेदहा तास झाले. मार्चमध्ये ते पुन्हा साडेनऊ होते. त्यांनी ईमेल वाचला होता. ते हसले आणि म्हणाले की दरवर्षी नोव्हेंबरात कोणीतरी एक तास आधी येतेच. मी दाराआड उभी होते आणि मला जमिनीत शिरावेसे वाटत होते.

मुलाखतीची तयारी आम्ही चुकीची केली होती. दिराने घरी तीनदा सराव घेतला: हेच विद्यापीठ का, तुझी बलस्थाने कोणती, दहा वर्षांनी तू कुठे असशील. उत्तरे पाठ. गृहस्थांनी यातले काही विचारले नाही. त्यांनी विचारले की घरात अलीकडे कोणत्या गोष्टीवरून वाद झाला. ती गडबडली, पाठ केलेल्या उत्तरांत वादाला जागा नव्हती. मग म्हणाली, आजीशी वाद झाला, कारण बोअरवेल घेतल्यापासून आजी मोट चालायची ती विहीर बुजवा म्हणते, आणि माझ्या पाच विहिरींतली ती एक आहे. तिथून गाडी रुळावर आली. उठून दोरी आणली, कॅमेऱ्यासमोर धरली, गाठी मोजून दाखवल्या. पंचेचाळीस मिनिटे ठरली होती, सत्तर झाली. दुसऱ्या दिवशी तिने आभाराचा ईमेल पाठवला, तो तिने स्वतः लिहिला, आणि मी तो वाचायला मागितला नाही.

१७ डिसेंबर

निर्णय पुढे ढकलला गेला: ना होकार, ना नकार, नेहमीच्या फेरीत पुन्हा विचार करू. घरात दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बारावीच्या सराव परीक्षेचे वेळापत्रक लागले.

१ जानेवारी २०२५

उरलेले पाच अर्ज गेले. शेवटच्या चार दिवसांत दोन गोष्टींनी घाम फोडला.

पहिली सातबारा. साहाय्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज भरावा लागतो, त्यात उत्पन्न, घर, ठेवी, जमीन सगळे येते. पहिल्या संस्थेला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकीला १६. सासऱ्यांची जमीन सातबाऱ्यावर सात वारसांच्या नावे सामाईक आहे, वाटणी झालेली नाही. तिची किंमत किती आणि आमची किती? आम्ही शासकीय मूल्यदराने एकूण किंमत काढली, सातने भागली, आणि खुलाशाच्या रकान्यात सामाईक मालकी, कोरडवाहू, विक्री शक्य नाही असे तीन ओळींत लिहिले. एका संस्थेने फेब्रुवारीत उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर मागितले. ते मीच केले.

दुसरी पुरवणी. एका संस्थेचा मुख्य अर्ज जातो आणि तिच्या वेगळ्या प्रश्नांची पुरवणी स्वतंत्रपणे सबमिट करावी लागते. मुख्य अर्ज ३० डिसेंबरला गेला, रंगीत कागद उडाले, आम्ही झोपलो. एकतीसच्या रात्री सहज उघडून पाहिले, तर पुरवणीसमोर पिवळे वर्तुळ. अकरा चाळीसला पाठवली. बाहेर फटाके सुरू झाले होते.

१८ जानेवारी

दुसरी मुलाखत, पुण्यात, डेक्कनजवळच्या एका कॅफेत. सातारा-स्वारगेट विनाथांबा एसटीने गेलो. बायकांना अर्धे तिकीट असल्याने दोघींचे भाडे एकाचेच पडले. मी तिच्याबरोबर आत गेले, नमस्कार केला आणि खुर्ची ओढली. बाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, ‘आपण तासाभराने आलात तर बरे होईल.’ मुलाखतीला पालकांनी बसायचे नसते, हे पत्रातही लिहिलेले होते. मी ते ‘बाहेर थांबू शकता’ असे सोयीस्कर वाचले होते. बालगंधर्वच्या आवारात बसून राहिले.

या वेळी सराव केला नव्हता. बाईंनी विहिरींबद्दल विचारले, आणि गावात खोली परसात सांगतात हे कळल्यावर विचारले की मग मीटर कसे काढलेस. परस म्हणजे पुरुषभर, पण कोणता पुरुष? तिने गावातल्या तीन म्हाताऱ्यांना विचारले होते आणि तीन उत्तरे मिळाली होती: एक जण उंचीएवढे म्हणाला, दुसरा हात वर करून, तिसरा दोन्ही हात पसरून. मग तिने आजोबांना तिन्ही तऱ्हांनी फितीने मोजले आणि जुन्या नोंदींचे आकडे वापरायचेच सोडले, फक्त स्वतःच्या दोरीचे ठेवले. बाईंनी हे वहीत लिहून घेतले, असे तिने परतताना एसटीत सांगितले. त्यानंतर ती खंबाटकी घाटापर्यंत झोपली.

३० जानेवारी

वर्षातली सर्वांत वाईट चूक. तिसऱ्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्याचा ईमेल १४ तारखेला येऊन स्पॅममध्ये पडला होता. स्मरणपत्र २१ तारखेला, तेही तिथेच. दोन्हीही त्या गृहस्थांच्या कामाच्या पत्त्यावरून, विद्यापीठाचे नाव पत्त्यात कुठेच नाही. मुलगी प्रात्यक्षिकांच्या धावपळीत, आणि मी तिच्या ईमेलला हात लावणार नाही असे नोव्हेंबरात ठरवलेले. तिने लगेच माफीचे पत्र लिहिले. उत्तर सभ्य आले: अहवाल पाठवण्याची त्यांची तारीख उलटली होती, मुलाखत झाली नाही एवढेच ते कळवतील. ‘मुलाखत मिळाली नाही’ आणि ‘मुलाखतीला उत्तर दिले नाही’ या दोन गोष्टी त्या विद्यापीठाने वेगळ्या मोजल्या का, ते आम्हाला कधी कळले नाही. आजपासून रोज रात्री जेवणानंतर ती स्वतः स्पॅम उघडते. अर्जासाठी वेगळे खाते काढलेत, तर त्याच्या सूचना फोनवर चालू आहेत ना, हे पाहावे. आमच्या बंद होत्या.

२८ मार्च

११ फेब्रुवारीपासून बारावीची परीक्षा, म्हणून महिनाभर नोंदी नाहीत. निकाल मार्चभर येत राहिले. आज पहाटे साडेचारला शेवटचे दोन उघडले. पहिली मुलाखत झाली ते विद्यापीठ: नकार. पुण्याची मुलाखत: प्रतीक्षायादी. स्पॅमवाले: नकार. आणखी दोन नकार. होकार एकच, एका लहान महाविद्यालयाचा, जिथे माजी विद्यार्थ्यांची मुलाखत आमच्या वाट्याला आलीच नव्हती. साहाय्याचा आकडा असा, की राहणे-जेवण धरून आमच्याकडे वर्षाला सुमारे सहा हजार डॉलर येतील. मुलीच्या बाबांनी ते पत्र तीनदा वाचले आणि मग मला पुन्हा वाचायला लावले.

दोन्ही मुलाखत घेणाऱ्यांना तिने निकाल कळवला. पुण्याच्या बाईंनी उत्तरात विचारले की ती विहीर बुजवली का. नाही बुजवली.

२० एप्रिल

हिशेब मांडला. सॅट साडेनऊ हजार, भाषेची परीक्षा साडेपाच हजार, चार ठिकाणचे अर्जशुल्क (दोन ठिकाणी शुल्क नव्हते) सत्तावीस हजार, सीएसएस पावणेआठ हजार, प्रवास, स्कॅन, कुरिअर मिळून नऊ हजार. एकूण सुमारे अठ्ठावन्न हजार आठशे. यात कार्डाच्या परकीय चलन आकारणीचे साडेतीन टक्के धरले आहेत. अर्जशुल्क माफ होऊ शकते, त्यासाठी समुपदेशकाने कॉमन ॲपवर तशी पुष्टी द्यावी लागते. आम्ही मॅडमना आणखी एक काम सांगायला संकोचलो. तो संकोच सत्तावीस हजारांचा पडला.

५ मे

१ मेच्या आधीच होकार कळवला आहे. आज दुपारी एकला बारावीचा निकाल ऑनलाइन लागला, गुण अपेक्षेइतके आहेत. आता अंतिम गुणअहवाल महाविद्यालयाने कॉमन ॲपवरून पाठवायचा आहे. उपप्राचार्या मॅडमनी पासवर्ड स्टाफरूमच्या जुन्या नोंदवहीच्या मागे लिहिला होता, आणि ती नोंदवही वर्ष संपल्याने कार्यालयात जमा झाली. नवा पासवर्ड मागवला, तर त्याचा संदेश महाविद्यालयाच्या ईमेलवर गेला, जो फक्त मोठ्या क्लार्कांच्या संगणकावर उघडतो. ते भाच्याच्या लग्नाला चिपळूणला गेले आहेत. १२ तारखेला परत येतील.